आज चटणी नको

सईच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. आज देऊ, उद्या देऊ असं करत ते राहून गेलं, असं मी स्वतःला सांगत आलो, पण ते खरं नव्हे. पत्र आलं त्याच संध्याकाळी मी कागद काढला होता, 'चि. सईस अनेक आशीर्वाद' एवढं लिहिलं होतं, आणि मग पेनाला टोपण लावून बसून राहिलो होतो. माझी नात नौदलात अग्निवीर म्हणून भरती झाली आणि प्रशिक्षणासाठी ओडिशाला गेली. तिथं मुलींचे मोबाइल जमा करून घेतात, रविवारी दुपारी थोड्या वेळापुरते परत देतात. तेवढ्या वेळात आईशी बोलायचं, बापाशी बोलायचं. आजोबांच्या वाट्याला 'बरी आहेस ना' आणि 'हो, तुम्ही गोळ्या घेताय ना' एवढंच येतं. म्हणून तिनं पत्र लिहिलं असावं. पत्रात बुटांबद्दल होतं, पहाटेच्या शिट्टीबद्दल होतं, भातावर रोज कुठली डाळ असते त्याबद्दल होतं, आणि शेवटी, जागा कमी पडल्यामुळे बारीक होत गेलेल्या अक्षरात, एक प्रश्न होता. 'आजोबा, एखादी अर्ध्यातून परत आली तर तुम्ही सगळे तिच्याशी कसं वागाल? खरं सांगा. आईला विचारलं तर ती लगेच ये म्हणेल, बाबांना विचारलं तर ते लगेच येऊ नकोस म्हणतील. तुम्ही विचार करून सांगाल.' मी विचार करत राहिलो. ये म्हणावं तर मीच तिचा पाय ओढला असं होईल. येऊ नकोस म्हणावं, आणि तिथं तिला काही झालं तर? मी जन्मभर एका कारखान्याच्या कामगार वाचनालयात पुस्तकांची देवघेव केली. माणसं पुस्तक मागायची, मी काढून द्यायचो. कुणी माझं मत मागितलं की मी म्हणायचो, वाचून बघा. या प्रश्नाला ते उत्तर चालण्यासारखं नव्हतं.

ते पाकीट अरुंधतीनंच, माझ्या सुनेनं, माझ्या हातात दिलं होतं. पोस्टमननं खाली सुरक्षारक्षकाकडे ठेवलं होतं, शाळेतून येताना तिनं ते वर आणलं. ती शिकवते ती शाळा सकाळची असते. "तुमचं आहे," ती म्हणाली, आणि पाण्याचा पेला घेऊन आत गेली. मला वाटलं होतं, ती थांबेल, काय लिहिलंय विचारेल. तिनं विचारलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. हे मला खटकलं. मुलीचं पत्र घरात येतं आणि आई विचारत नाही, याचा अर्थ एक तर तिला ते आधीच माहीत आहे, किंवा तिनं ते वाचलं आहे. मी पाकिटाचा मागचा भाग उजेडात धरून पाहिला. एका कोपऱ्याशी डिंक जरा जाड लागला होता. पोस्टातल्या पाकिटांचा डिंक तसाच असतो, हेही मला कळत होतं. पण एकदा असं पाहायला लागलं की माणूस पाहतच राहतो. शिवाय अरुंधतीच्या मनात माझ्याविषयी काहीतरी आहे, हा संशय मला जुनाच होता. सई लहान असताना दुपारभर मी तिला समुद्राच्या गोष्टी वाचून दाखवायचो. आकुर्डीत, जिथून समुद्र कुठल्याही दिशेला दिसत नाही, तिथं बसून आम्ही दोघं शिडं आणि नांगर यांबद्दल बोलायचो. भरतीचा निकाल लागला त्या दिवशी अरुंधतीनं पेढ्यांचा बॉक्स माझ्यासमोर धरला आणि म्हणाली, "घ्या बाबा, तुमचंच यश आहे." ती हसत होती. ते वाक्य मी अजून उलटून पालटून पाहतो. माझा मुलगा सलिल कंपनीच्या नव्या प्लांटसाठी गुजरातेत आहे, महिन्यातून एकदा येतो. म्हणजे घरात आम्ही दोघंच, ती आणि मी, आणि मध्ये सईची रिकामी खोली.

रविवारी मात्र घर भरायचं. सईबरोबर आणखी दोघी गेल्या होत्या, तिघी भोसरीच्या एकाच भरतीपूर्व अकॅडमीत धावायला जायच्या. रुपालीचे आईवडील मराठवाड्यातले, दापोडीत राहणारे. आई दुर्गाबाई कामगारांची खानावळ चालवते, वडील ज्योतीराम भोसरीला प्रेस मशीनवर आहेत. तिसरी स्वप्नाली, तिची आई गोजाबाई चाकणजवळच्या गावची. त्यांची जमीन कारखान्यात गेली आणि बाईंनी ठिकठिकाणी खोल्या घेऊन भाड्यानं दिल्या. एरवी या तिघी आया एका खोलीत कशाला बसल्या असत्या? पण रविवारी चारच्या सुमाराला तिघी आमच्या हॉलमध्ये जमायच्या, आपापला फोन टीपॉयवर उताणा ठेवायच्या आणि त्याच्याकडे न बघता बोलत राहायच्या. जिच्या मुलीचा फोन आधी येईल तिनं बाकीच्या दोघींची खुशाली विचारून घ्यायची, असं ठरलेलं. "दुधावर साय धरायची वाट बघावी तसं बसलोय बघा आमी," गोजाबाई म्हणायच्या. "आबा, तुमी पुस्तकात त्वांड खुपसून बसा, न्हाईतर तुमच्याकडं बघून आमाला आणखी भ्या वाटतंय." ज्योतीराम रविवारपुरती पहिली पाळी मागून घ्यायचा आणि ती संपवून यायचा; या पट्ट्यात सुट्टी गुरुवारची, रविवारी कारखाने चालू. सोफ्यावर कपडे मळतील म्हणून तो दाराजवळच्या स्टुलावर बसायचा. मी स्वयंपाकघराच्या दाराशी, माझ्या नेहमीच्या खुर्चीत.

तिघी मुलींचे चेहरे एकत्र असलेला फ्लेक्सही होता. अकॅडमीच्या हिंदुराव सरांनी निकालानंतर ठिकठिकाणी लावला होता: 'आमच्या रणरागिणी', तिघींचे फोटो, आणि त्यांच्या तिप्पट आकाराचा सरांचा, खाली प्रवेश सुरू असल्याचा नंबर. गाडीवरून मिरवणूक काढली, ढोल लावले, हार घातले. मुली अजून गेल्याही नव्हत्या. मी सलिलला म्हणालो होतो की हे सगळं परत आल्यावर करायला हवं. तो म्हणाला, "बाबा, तुम्हाला प्रत्येक गोष्टीत शंका."

त्या रविवारी आधी सईचा फोन आला. अरुंधती तो घेऊन आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. पूर्वी ती स्पीकर लावायची. गणपती झाल्यापासून दार लावायला लागली होती. मग रुपालीचा फोन आला. दुर्गाबाईंनी स्पीकर लावून तो ज्योतीरामपुढे धरला. "पप्पा, बरी हाय मी. जेवण चांगलं असतंय. परेड झाली सकाळी." ज्योतीराम मान हलवत होता, फोनमधून जणू ती दिसणार होती. "हां. हां. अभ्यास कर. सरांचं ऐक." आणि तेवढ्यात तिच्या आवाजामागून, लांबून पण स्वच्छ, मला ऐकू आलं: कृपया लक्ष द्या. लोणावळ्याकडे जाणारी गाडी. पुढचं ऐकू आलं नाही, कारण दुर्गाबाईंना एकाएकी खोकला आला. गोजाबाई मोठ्यानं कुणाच्या तरी सुनेबद्दल सांगायला लागल्या. अरुंधती खोलीतून बाहेर आली होती. ती माझ्या खुर्चीला वळसा घालून स्वयंपाकघरात गेली आणि तिनं मिक्सर लावला. चटणी वाटायची होती म्हणे. रात्री जेवताना ताटात चटणी होती, हे खरं. पण मला आठवत गेलं की मागच्या रविवारीही चटणी होती. त्याच्या मागच्या रविवारीही.

आता मी काय ऐकलं होतं? माझं वय झालं आहे. या पुणे-लोणावळा लाइनवर मी इतकी वर्षं जाऊन येऊन केली आहे की ती घोषणा माझ्या डोक्यात आपोआप वाजू शकते. अंघोळ करताना मला कधीकधी वाचनालयाची घंटाही ऐकू येते. पण घंटा ऐकू आली म्हणून कुणी मिक्सर लावत नाही. ज्योतीरामनं काही ऐकलं नव्हतं, त्याचा चेहरा तसाच शांत होता. बाकी तिघींनी ऐकलं होतं, आणि त्यांना दचकायला झालं नव्हतं. त्या तयारीत होत्या. मला त्यात भीती वाटली ती ही की, रुपाली जर इथं असेल तर सई कुठं आहे? दार लावून अरुंधती कुणाशी बोलत होती? पत्रातला प्रश्न मला पुन्हा आठवला. 'एखादी अर्ध्यातून परत आली तर.' तिनं तो विचारला, मी उत्तर दिलं नाही, आणि ती माझ्या उत्तराची वाट न बघता आली असेल तर? आली, आणि आजोबांना सांगू नकोस म्हणाली असेल तर?

मग मी घर वाचायला लागलो. चांगली सवय नव्हे ही, पण मला दुसरं काही येत नाही. अरुंधती शाळेतून आल्यावर जेवायची आणि डबा भरून पुन्हा बाहेर पडायची. "कुठं?" असं मी एकदाच विचारलं. "एका मुलीची शिकवणी आहे." शिकवणीला कुणी डबा नेतं का? ओट्यावरच्या औषधांच्या टोपलीत दुखऱ्या स्नायूंना लावायची ट्यूब होती; मी लावत नाही, ती लावत नाही, तरी ती पिळून पिळून शेपटीपर्यंत चपटी झाली होती. आणि एका दुपारी ती बाहेर गेल्यावर मी सईच्या खोलीत गेलो. का गेलो, सांगता येणार नाही. पलंगावरची चादर नीट ओढलेली होती, टेबलावर धूळ नव्हती, भिंतीवर तिनं शाळेत असताना चिकटवलेलं जहाजाचं चित्र होतं. उशी नव्हती. सईची उशी, जिच्याशिवाय ती लहानपणी कुठल्या लग्नालाही मुक्कामाला जायची नाही, जी ओडिशाला नेता आली नाही म्हणून जाताना तिचा चेहरा एवढासा झाला होता. मी कपाट उघडलं, पलंगाखाली वाकून पाहिलं. मग तिथंच पलंगावर बसलो. गुडघे दुखत होते आणि मला विचित्र आनंद झाला होता. ती इथं आहे. लगोलग दुसरी गोष्ट मनात आली, की ती इथं आहे आणि माझ्याकडे आली नाही. आणि हे जास्त वेळ टिकलं.

दुसऱ्या दिवशी अरुंधती जेवत असतानाच मी ग्रंथालयात जातो असं सांगून निघालो आणि कासारवाडीची बस धरली. कासारवाडीच का? बसमध्ये बसल्यावर मी स्वतःला हे विचारलं. गोजाबाई बोलता बोलता म्हणाल्या होत्या की कासारवाडी स्टेशनासमोर त्यांची एक खोली रिकामी पडली आहे, भाडेकरू टिकत नाही, गाड्यांचा आवाज फार. तेवढ्या आधारावर एक म्हातारा माणूस खोटं बोलून घराबाहेर पडला होता. चौकात उतरलो तर समोरच फ्लेक्स. उन्हानं सरांचा चेहरा पिवळट झाला होता, मुलींचे फोटो मात्र तसेच होते. सईची वेणी खांद्यावरून पुढे आलेली. त्या वेणीला तिथं गेल्यावर कात्री लागली, हे तिनं पहिल्याच फोनवर हसत सांगितलं होतं आणि अरुंधती फोन ठेवून बाथरूममध्ये गेली होती. मी फ्लेक्सच्या सावलीत उभा राहिलो. रसवंतीवाल्यानं दोनदा विचारलं, "काका, देऊ का?" माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसत असणार असं वाटून मी रस घेतला. मग अरुंधतीची पांढरी स्कूटर आली, स्टेशनसमोरच्या एका तीन मजली इमारतीच्या बोळात शिरली.

मी मागोमाग जिना चढलो. चढून गेल्यावर म्हणायचं काय, हे मी ठरवलं नव्हतं. पहिल्या मजल्यावर एका दाराबाहेर अरुंधतीच्या चपला होत्या, दार लोटलेलंच होतं. आत खिडकीशी, दाराकडे पाठ करून, आखूड कापलेल्या केसांची एक मुलगी बसली होती, मानेवरचे केस मशीननं उतरवलेले, मान किती बारीक. तिच्या मांडीवर सईची उशी होती. "सई," मी म्हणालो. माझा आवाज मलाच कसातरी वाटला. मुलगी वळली. ती रुपाली होती.

अरुंधती डबा उघडत होती, तिच्या हातातलं झाकण तसंच राहिलं. दुर्गाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्या एकदम उठल्या आणि डोक्यावरून पदर घेतला. "काका, बसा की," एवढंच त्या म्हणाल्या. बसायला जागा पलंगावरच होती. मी उभा राहिलो. खरं सांगायचं तर सई नाही हे कळून मला सुटल्यासारखं वाटलं की फसल्यासारखं, हे अजूनही ठरत नाही.

"बाबा, तुम्ही माझ्या मागे आलात?" अरुंधती म्हणाली.

"पुढे," मी म्हणालो. "मी आधीच आलो होतो."

यावर रुपाली हसली. हसल्यावर ती फ्लेक्सवरच्या फोटोसारखी दिसली. मग तिनंच सांगितलं, कुणी विचारलं नसताना. धावून धावून नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली. तिथल्या डॉक्टरांनी नीट बघितलं, सगळं केलं. बरी झालीस की पुढच्या बॅचमध्ये घेऊ म्हणाले. "मीच नको म्हणाले, आजोबा. कुणी काढलं नाही मला. मला परत पहिल्यापासून सगळं करायचं अंगावर आलं. सही करून आले." ती उशीच्या कडेचा दोरा ओढत होती. "पप्पांनी कंपनीत सगळ्या शॉपला पेढे वाटलेत. मशीन बंद करून वाटलेत. इथं उतरले तर चौकात माझाच फोटो. स्कार्फ बांधून खालून आले."

"यांला माहीत झालं तर काय करतील सांगता येत नाही," दुर्गाबाई म्हणाल्या. "मारायचे नाहीत ते. पण बोलायचे बंद होतील. एकदा भावाशी बोलायचे बंद झाले ते आजून बंदच हायत. पाय दुखायलाय लेकराचा, म्हटलं चालायला लागंस्तोवर तरी राहू द्या इथं. खोली गोजाबाईंची, अन् डबा ताईंचा. मी खानावळीतून निघू शकत नाही ना रोज, ते डबा विचारतात कुणाला चाललाय."

"आणि रविवारचा फोन?" मी विचारलं.

खालून एक मोटारसायकल गेली, सायलेन्सर फाटलेली, सगळ्या बोळात तिचा आवाज भरला. रुपालीनं खिडकीतून मान किंचित मागे घेतली. "पप्पा," ती म्हणाली. "आज दुसरी पाळी. दापोडीहून भोसरीला इथूनच जातात. लांबून कळतं मला." आवाज विरेपर्यंत ती थांबली. "तिथं असताना वाटायचं, इथं आल्यावर सुटले. रविवार इतका वाईट असेल असं कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तिकडं खरं बोलायला तरी यायचं, रडायला यायचं. इथं खिडकी लावून घ्यायची आणि परेड झाली म्हणायचं."

परत येताना अरुंधतीनं मला स्कूटरवर मागे बसवलं. मी तिच्या खांद्याला हात न लावता मागची दांडी धरून बसलो होतो. सिग्नलला थांबल्यावर ती मान न वळवता म्हणाली, "तुम्हाला सांगितलं नाही कारण तुमच्या तोंडावर दिसतं. ज्योतीरामभाऊ समोर बसतात आणि तुम्ही त्यांच्याकडे बघितलं असतंत तर झालं असतं."

"सईचा फोन आत नेतेस तो?"

"ती रुपालीचं विचारते. तिला माहीत आहे." हिरवा दिवा लागला, मागून हॉर्न वाजायला लागले, तिनं गाडी घेतली नाही. "आणि तुम्हाला तिनं काय लिहिलं ते मला माहीत नाही, बाबा. मी विचारलं नाही. विचारलं असतं आणि तुम्ही सांगितलं असतंत, तर मला रात्री झोप नसती लागली. पण अंदाज आहे. म्हणून तर मी इकडे यायला लागले. उद्या सई अशी आली तर मला जमायला हवं ना. काय बोलायचं, किती विचारायचं, उशी कुठं ठेवायची. मी सराव करतेय, असं समजा." मग तिनं गाडी घेतली. वारा लागत होता आणि पुढचं काही मला ऐकू आलं नाही. तिला वाटलं असेल, म्हातारा गप्प आहे म्हणजे मनात काही धरून आहे. मी फक्त इतके दिवस डिंकाच्या कोपऱ्याकडे बघत बसलो होतो, ते आठवत होतो.

पण संशय असा सोडून जात नाही, तो जागा बदलतो. आता मी स्वतःकडे बघायला लागलो. कागद पुन्हा काढला. 'परत आलीस तर आम्ही तुला समजून घेऊ,' असं लिहिलं आणि खोडलं. समजून घेणं म्हणजे काय, हे मी स्टेशनसमोरच्या खोलीत पाहून आलो होतो. तिघी बायकांनी जिवापाड समजून घेतलं होतं आणि मुलगी खिडकी लावून बसली होती. आणि मी? मी ते सगळं कळल्यावर काय केलं? गप्प बसायचं कबूल केलं. रविवारी ज्योतीरामच्या समोर पुस्तक धरून बसायचं कबूल केलं. सईला खरं हवं होतं, आणि खरं असं काही माझ्याजवळ नव्हतं.

तो रविवार आला. गोजाबाई चाकणहून येताना मटार घेऊन आल्या होत्या, तिघी सोलत बसल्या. "आबा आज लईच गप," गोजाबाई म्हणाल्या. "व्हय वो आबा, पुस्तक उलटं धरलंय का काय?" मी खरंच तपासून पाहिलं, तर त्या खो खो हसल्या. दुर्गाबाई हसल्या नाहीत, त्या नवऱ्याच्या बुटांकडे बघत होत्या. ज्योतीराम स्टुलावर, हेल्मेट मांडीवर. फोन वाजला. स्पीकर लागला.

"पप्पा."

"हां, बोल. परेड झाली का?"

तिचा आवाज त्या दिवशी मोकळ्या जागेतून आल्यासारखा होता. मागे रिक्षाचा हॉर्न होता, कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं. तिनं खिडकी उघडली होती. मला ते कळलं. ती घोषणेची वाट बघत असावी. मग आलं: कृपया लक्ष द्या. अरुंधतीच्या मांडीवरचे मटार खाली घरंगळले, ती उठली, सवयीनं, माझ्या खुर्चीच्या बाजूनं स्वयंपाकघराकडे वळली. मी कधी उभा राहिलो ते मला समजलं नाही. मी दारात होतो, दोन्ही हात चौकटीला लावून. उभ्या आयुष्यात मी कुणाची वाट अशी अडवली नव्हती.

"बाबा, सरका जरा."

"आज चटणी नको," मी म्हणालो.

"अहो, पण..."

"नको, अरुंधती."

लोणावळ्याकडे जाणारी गाडी, कुठल्या फलाटावर येते आहे, सगळं शेवटपर्यंत ऐकू आलं. दुर्गाबाईंचा खोकला आला नाही. गोजाबाईंच्या हातात अर्धी सोललेली शेंग होती. "पप्पा, मी तिकडं नाही," रुपाली म्हणाली. "मी परत आलेय. कासारवाडीत हाय."

ज्योतीरामनं मान हलवली. "हां. चांगलं. अभ्यास कर."

क्षणभर मला वाटलं, त्याचं डोकं फिरलं. मग त्यानं आमच्या सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे एकामागून एक पाहिलं, माझ्याकडे सगळ्यांत जास्त वेळ, आणि त्याच्या लक्षात आलं की काहीतरी सुटलं. त्यानं फोन उचलून तोंडाजवळ नेला. "मोठ्यानं बोल गं," तो म्हणाला, आणि त्याचा कान लाल झाला होता. "मला ऐकू येत नाही. कवाचंच ऐकू येत नाही नीट. प्रेसमुळं. तू बोलतीस ते निम्मं मला कळतच नव्हतं, मी आपला हां हां करतो."

इतके रविवार अरुंधतीनं वाटलेली चटणी आम्ही खाल्ली होती. रुपालीनं एक श्वास घेतला, तो स्पीकरवर आला. मग ती ओरडली. बोळात, स्टेशनवर, रसवंतीवर, फ्लेक्सखाली उभ्या असलेल्या कुणालाही ऐकू गेलं असेल असं. "मी सोडून आले, पप्पा! मला जमलं नाही! मी कासारवाडी स्टेशनासमोर हाय, तुम्ही रोज खालून जाता!"

मी वाट बघत होतो की आता तो फोन आपटेल. मला वाईटच दिसतं आधी. ज्योतीराम बराच वेळ फोनच्या काचेकडे बघत राहिला. "सामान किती हाय?" त्यानं विचारलं. तिकडून नुसता नाक ओढल्याचा आवाज आला. "मोठ्यानं सांग. गाडीवर बसंल का, का टेम्पो सांगू?" मग तो उठला, हेल्मेट आमच्या हॉलमध्येच घातलं, पट्टा लावला, आणि बायकोकडे न बघता खाली उतरला. दुर्गाबाई दारापर्यंत धावल्या. फाटक्या सायलेन्सरचा आवाज लांब जाईपर्यंत त्या तिथंच उभ्या होत्या. गोजाबाईंनी त्यांना परत आणून बसवलं आणि त्यांच्या हातात मटाराच्या शेंगा दिल्या. "सोला," त्या म्हणाल्या. त्यानंतर त्या दिवशी त्यांचा तेवढाच एक शब्द.

सईला मी पत्र लिहिलं ते नंतरच्या गुरुवारी. दापोडीला जाऊन आल्यावर. फार वेळ लागला नाही. 'चि. सईस अनेक आशीर्वाद. एखादी अर्ध्यातून परत आली तर आम्ही कसं वागतो, असं तू विचारलं होतंस. आधी आम्ही तिला लपवलं, डबे दिले, आणि तिच्या मागचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून मिक्सर लावला. मीही त्यात होतो. आता ती घरी आहे. तिचे वडील तिला रोज मागे बसवून पायाच्या व्यायामाला नेतात. तिच्याशी बोलतात, तिच्या आईशी अजून बोलत नाहीत. चौकातला फ्लेक्स तसाच आहे, सर म्हणाले नवीन प्रवेश होईपर्यंत राहू दे. रुपाली त्याच्याखालून स्कार्फ न बांधता जाते. तू राहा किंवा ये, मला दोन्ही वेळा काळजीच वाटणार आहे. तुझी उशी परत आली आहे, आईनं अभ्रा धुतला. रविवारी बोलशील तेव्हा जिथं असशील तिथली खिडकी उघडी ठेवून बोल. आजोबा.'

पोस्टापर्यंत अरुंधती बरोबर आली. तिला तिकडेच काम होतं म्हणाली. कुठलं, ते मी विचारलं नाही. पेटीपाशी पोचल्यावर तिनं प्रथमच विचारलं, "काय लिहिलंत?" मी पाकीट अजून चिकटवलं नव्हतं. कागद तिला दिला. तिनं उभ्या उभ्या वाचला, दुसऱ्यांदा वाचला, घडी घालून परत दिला.

"एवढंच?"

"एवढंच."

"आणि एवढ्याला इतके दिवस लावलेत, बाबा?"

मी डिंक ओला केला, कोपरा दोनदा दाबला आणि पाकीट पेटीत टाकलं. आत पडल्याचा आवाज आला नाही. मी फटीत बोटं घालून पाहिली, मग वाकून पाहिलं. "पडलंय हो," अरुंधती म्हणाली. तरी मी पेटीवर एक थाप मारली.